सशाच्या खाद्याच्या पोत्यावर चोथ्याचं किमान प्रमाण छापा

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

शेतीच्या पानांवर ससेपालनाबद्दल अधूनमधून काही ना काही छापून येतं. त्यात पिंजऱ्याची मापं असतात, न्यूझीलंड व्हाइट आणि सोव्हिएत चिंचिला या जातींचे गुबगुबीत फोटो असतात, एक मादी वर्षाला किती पिल्लं देते याचा तोंडाला पाणी सुटेल असा हिशोब असतो. खाद्याबद्दल मात्र एक ओळ : ‘हिरवा चारा व गोळी खाद्य द्यावे.’ कुठलं गोळी खाद्य, त्यात काय आणि किती, कोणत्या वयाला, याचा पत्ता नसतो. पिल्लं मरतात ती नेमकी या न लिहिलेल्या भागात.

मी निवृत्त पशुधन विकास अधिकारी. नोकरी सगळी म्हशी, गाई आणि शेळ्यांत गेली. परळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात शिकत होते तेव्हा ससा हा प्रयोगशाळेतला प्राणी, एवढीच त्याची ओळख होती. आता कोरेगाव तालुक्यात राहते. आसपासच्या काही तरुण मुलांनी ससे घेतले आणि मेलेली पिल्लं प्लास्टिकच्या पिशवीत घालून माझ्या ओट्यावर यायला लागली. त्यामुळे निवृत्तीनंतर या विषयात शिरावं लागलं, आणि आता लिहावंसं वाटतं.

माझी मागणी एकच आहे. वाढत्या पिल्लांसाठी म्हणून जे गोळी खाद्य विकलं जातं, त्याच्या पोत्यावर चोथ्याचं, म्हणजे तंतुमय भागाचं, किमान आणि स्टार्चचं कमाल प्रमाण छापलेलं असावं. आज माझ्या पाहण्यातल्या बहुतेक पोत्यांवर नेमकं उलट आहे. प्रथिनं किमान इतकी, स्निग्ध पदार्थ किमान इतके, आणि ‘क्रूड फायबर’ मात्र कमाल इतकं. स्टार्चचा तर उल्लेखच नाही. कोंबडीच्या आणि गाईच्या खाद्याला ही पद्धत बरोबर आहे, कारण तिथं चोथा जास्त म्हणजे भेसळ, पोत्यात भुसकट भरलं असा संशय. सशाच्या पिल्लाला ही पद्धत मारक आहे. त्याच्या बाबतीत चोथा कमी असणं हीच भेसळ.

आधी पिल्लं मरतात कशी ते सांगते. साधारण महिन्याचं, फार तर पाच आठवड्यांचं पिल्लू आईपासून वेगळं केलं जातं. पहिले काही दिवस ते दणकून खातं, मालक खूश असतो. मग पुढच्या दोन-तीन आठवड्यांत एक दिवस ते कोपऱ्यात पाठीला कुबड काढून बसतं, दात खातं, कान गार पडतात. पोट टम्म फुगतं. उचलून हलवलं तर आत पाणी डचमळल्याचा आवाज येतो. शेपटीखाली शेंबडासारखा चिकट पदार्थ लागलेला असतो. बहुतेक वेळा एक-दोन दिवसांत खेळ आटोपतो, आणि एका पिंजऱ्यात सुरू झालं की शेजारच्या पिंजऱ्यातही दिसतं. दहा आठवडे ओलांडले की धोका बराच कमी होतो. जगभर हेच वय नाजूक मानतात.

मालकाचं निदान ठरलेलं असतं. वारं लागलं. पाणी बाधलं. ओला पाला खाल्ला. कुणाची तरी नजर लागली. एकानं तर पिंजऱ्याला लिंबू-मिरची बांधली होती, आणि खाली बशीत मक्याचा भरडा.

पिल्लू उघडून पाहिलं की चित्र बहुधा सारखंच असतं. फुप्फुसं साफ, यकृत साफ. जठरात पाणी आणि वायू. आणि आंधळं आतडं, ज्याला आम्ही सीकम म्हणतो, ते एक तर पाण्यानं भरून ताणलेलं, नाही तर आतला ऐवज वाळून घट्ट गोळा झालेला. यकृतावर पांढरे ठिपके दिसले किंवा आतड्यातला ऐवज सूक्ष्मदर्शकाखाली ठेवल्यावर कॉक्सिडिया या परजीवीच्या पुटी दिसल्या, तर गोष्ट वेगळी. कॉक्सिडिओसिस हा आपल्याकडे सशांचा मोठा शत्रू आहे आणि त्याचा उपाय निराळा आहे, ते मी नाकारत नाही. पण ठिपके नाहीत, पुटी नाहीत, आणि तरीही आंधळं आतडं बिघडलेलं, अशी पिल्लं माझ्याकडे जास्त येतात.

सशाचं सगळं गणित या आंधळ्या आतड्यात आहे. गाय आधी आंबवते आणि मग पचवते. ससा आधी जठरात आणि लहान आतड्यात पचवतो आणि उरलेलं मागे आंबवतो. त्याच्या पचनमार्गातला फार मोठा ऐवज या एका पिशवीत असतो. तिथं अब्जावधी जंतू आहेत, ते चोथ्याचा काही भाग फोडून आम्लं तयार करतात. ॲसिटिक सर्वांत जास्त, आणि सशात प्रोपिऑनिकपेक्षा ब्युटिरिक जास्त. हे ब्युटिरिक आम्ल आतड्याच्या अस्तराचं अन्न आहे.

पुढची रचना फार सुंदर आहे. मोठ्या आतड्याच्या सुरुवातीच्या भागात जाड, लाकडी तुकडे वेगळे काढले जातात आणि भराभर पुढे ढकलले जातात. त्याच कडक, कोरड्या लेंड्या. बारीक कण आणि पाणी उलट्या हालचालीनं परत आंधळ्या आतड्यात जातं. दिवसातून ठरावीक वेळी, बहुधा पहाटे किंवा सकाळी, आंधळ्या आतड्यातला ऐवज मऊ गोळ्यांच्या रूपात बाहेर येतो. द्राक्षाच्या लहान घडासारख्या या गोळ्या ससा थेट गुदद्वाराशी तोंड नेऊन गिळतो. त्यातून त्याला जंतूंची प्रथिनं आणि ब गटातली जीवनसत्त्वं मिळतात. जाळीचा पिंजरा असला तरी त्याचं हे काम अडत नाही, कारण तो गोळी खाली पडूच देत नाही. सकाळी पिंजऱ्याखाली अशा मऊ गोळ्यांचा चिखल दिसला तर लोक जुलाब समजून औषध आणायला धावतात. कित्येकदा तो जुलाब नसतो. खाद्य इतकं भारी असतं की सशाला त्या गोळ्या खायची इच्छाच राहत नाही. औषध नको, खुराक बदला, हा त्याचा अर्थ.

आता या यंत्राला चालवतो कोण? तर जो चोथा पचत नाही तो. शास्त्रीय भाषेत ज्याला एडीएफ म्हणतात, म्हणजे सेल्युलोज आणि लिग्निन, तो ससा फारसा पचवू शकत नाही. गाईच्या मानानं या कामात तो अगदीच कच्चा आहे. पण हा चोथा सशाला पचवण्यासाठी हवाच कुठे असतो? तो आतड्याला हलतं ठेवतो. तो कमी पडला की ऐवज आंधळ्या आतड्यात जास्त वेळ रेंगाळतो, जंतूंची घडी विस्कटते, खाणं कमी होतं, ते कमी झालं की हालचाल आणखी मंदावते. मग क्लॉस्ट्रिडियम जातीच्या जंतूंना मोकळं रान मिळतं. त्यातला क्लॉस्ट्रिडियम स्पायरोफॉर्म हा सशातला नामचीन. त्याचं विष पिल्लाला काही तासांत संपवू शकतं.

स्टार्चचा भाग थोडा गुंतागुंतीचा आहे. १९८०मध्ये अमेरिकेतल्या ओरेगॉन स्टेट विद्यापीठातल्या चीक आणि पॅटन यांनी मांडलं की धान्य जास्त झालं की पिल्लाच्या लहान आतड्यात न पचलेलं स्टार्च मागे सांडतं, तिथं ते झपाट्यानं आंबतं आणि विषारी जंतूंना खाद्य मिळतं. हे म्हणणं वर्षानुवर्षं पाठ्यपुस्तकांत राहिलं. त्यात तथ्य आहेच. दूध पिणाऱ्या पिल्लाच्या स्वादुपिंडात स्टार्च फोडणारं अमायलेज फार कमी असतं, ते वयाबरोबर हळूहळू वाढतं. सशाच्या दुधात साखरही नगण्य, सगळी भिस्त स्निग्धांशावर आणि प्रथिनांवर. अशा पिल्लाला अचानक मका दिला तर त्याचा काही भाग कच्चाच पुढे जाणार. गव्हाच्या किंवा बार्लीच्या मानानं कच्च्या मक्याचं स्टार्च लहान वयात कमी पचतं.

पुढे फ्रान्समध्ये तुलूजला गिडेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, आणि स्पेनमध्ये माद्रिदच्या लोकांनी हा प्रश्न चिकाटीनं सोडवला. त्यांना दिसलं की जरा मोठ्या पिल्लात स्टार्च बहुतेक सगळं लहान आतड्यातच पचतं, मागे पोचतं ते थोडं. खरा गुन्हेगार स्टार्चच्या जादापणापेक्षा चोथ्याची टंचाई आहे. तज्ज्ञांसाठी हा फरक महत्त्वाचा. आपल्या खुराड्यात मात्र या दोन गोष्टी वेगळ्या करता येत नाहीत. शंभर किलोच्या मिश्रणात मका वाढवला की चोथ्याला जागा उरत नाही. एकाचं पारडं वर गेलं की दुसऱ्याचं खाली जाणारच.

आकडे देते, कारण आकड्यांशिवाय हे पत्र म्हणजे पुन्हा ‘हिरवा चारा द्यावा’च होईल. दूध तुटल्यानंतरच्या आठवड्यांत पिल्लाच्या खाद्यात एडीएफ निदान १८ ते १९ टक्के असावा, त्यातलं लिग्निन ५ टक्क्यांच्या वर असावं, आणि स्टार्च १४-१५ टक्क्यांच्या पुढे जाऊ नये, अशा युरोपातल्या शिफारशी आहेत. पुढे पिल्लू मोठं झाल्यावर स्टार्च थोडं वाढवता येतं.

आता आपल्याकडचं घरगुती मिश्रण बघा. माझ्या ओळखीचा एक मुलगा जे खाद्य करत होता ते असं : शंभर किलोत मका ४०, गव्हाचा कोंडा ३०, शेंगदाणा पेंड २७, खनिज मिश्रण आणि मीठ मिळून ३. प्रथिनांच्या दृष्टीनं झकास. मक्यात स्टार्च साधारण ६४ टक्के, कोंड्यात २० च्या आसपास, म्हणजे या मिश्रणात स्टार्च झालं ३२-३३ टक्के, हवं त्याच्या दुपटीहून जास्त. एडीएफ मक्यात जेमतेम ३, कोंड्यात १२-१३, पेंडेत १०च्या आसपास. बेरीज ७-८ टक्के. हवं त्याच्या निम्म्याहून कमी. सोबत तो हिरवा मका आणि घास घालायचा, पण पिल्लू आधी भरड संपवायचं आणि मग पाल्याशी खेळायचं. काही जण तर सरळ ब्रॉयलरचं खाद्य घालतात. त्यात चोथा पाच टक्क्यांच्या आत राखलेला असतो, कारण ते कोंबडीसाठी बनवलंय. शिवाय कोंबडीच्या खाद्यात मिसळलेली काही कॉक्सिडियाविरोधी औषधं, उदाहरणार्थ मॅड्युरामायसिन आणि नारासिन, सशाला विषारी आहेत.

मी त्या मुलाला मका कमी करायला सांगितलं तेव्हा त्यानं विचारलं, “डॉक्टरबाई, मका काढला तर वजन कसं येणार?” प्रश्न रास्त आहे. उत्तर असं की ससा खाद्यातल्या ऊर्जेचा अंदाज घेऊन खातो. खाद्य हलकं झालं की तो थोडं जास्त खातो आणि वजन जवळपास तेवढंच ठेवतो. खाद्य जास्त लागतं, म्हणजे एक किलो वजनामागे खर्च वाढतो, हे खरंच आहे. आणि याला मर्यादाही आहे. एडीएफ २५ टक्क्यांच्या पुढे नेला तर पिल्लाला पोटाच्या आकारामुळे जास्त खाताच येत नाही आणि वाढ खुंटते. म्हणून नुसता कडबा घाला असं मी कुणालाही सांगत नाही.

मग काय घालावं? पश्चिम महाराष्ट्रात लसूणघास आहे, ही आपली मोठी सोय. वाळवलेल्या लसूणघासात एडीएफ साधारण ३३ टक्के, प्रथिनं १७च्या आसपास, लिग्निन भरपूर, स्टार्च जवळजवळ नाही. भुईमुगाचा वाळलेला पाला आपण गुरांना घालतो, तो स्वच्छ आणि बुरशी नसलेला असेल तर सशाला उत्तम. त्या मुलाला मी लिहून दिलेला ढोबळ हिशोब असा : वाळलेला लसूणघास ३५, भुईमुगाचा पाला १२, गव्हाचा कोंडा २८, मका १२, पेंड १०, खनिज मिश्रण आणि मीठ ३. एडीएफ २०-२१, स्टार्च १४-१५, प्रथिनं १७ टक्क्यांच्या आसपास येतात. हे गोळी करून द्यायचं. भरड ठेवली तर पिल्लं मका निवडून खातात आणि बाकीचं पायाखाली तुडवतात, म्हणजे कागदावरचा हिशोब कागदावरच राहतो. गोळी करणं जमत नसेल तर वाळलेला घास जाळीच्या घोडीत कायम पुढे ठेवायचा आणि दाणा मोजून द्यायचा. पेंड शेंगदाण्याची असेल तर बुरशीबद्दल डोळ्यांत तेल घालून राहावं. अफ्लाटॉक्सिन हे बुरशीचं विष पावसाळ्यात घात करतं.

दळण्याबद्दलही एक सांगायचंय. गोळी छान घट्ट बसावी म्हणून सगळं पिठासारखं बारीक दळायची आपल्याकडे हौस आहे. पीठ झालेला चोथा हा सशाच्या आतड्याला चोथा वाटतच नाही. अगदी बारीक कण, साधारण ०.३ मिलिमीटरपेक्षा लहान, पुढे न जाता परत आंधळ्या आतड्यात शिरतात आणि तिथंच राहतात. म्हणजे प्रयोगशाळेच्या कागदावर चोथा पुरेसा आणि पोटात नाही. गोळी बोटांनी पाण्यात विरघळवून बघावी, काड्या दिसल्या पाहिजेत.

‘क्रूड फायबर’ हा आकडाही फार विश्वासाचा नाही. ती पद्धत जर्मनीत वेंडे इथं १८६०च्या सुमाराची. त्यात लिग्निनचा बराच भाग मोजणीतून निसटतो, आणि सशाला तर तोच हवा असतो. १९६०च्या दशकात अमेरिकेत पीटर व्हॅन सोएस्ट यांनी एनडीएफ (चोथ्याचा एकूण आकडा) आणि एडीएफ मोजायची पद्धत आणली, तिला आता साठेक वर्षं झाली. आपल्या पशुवैद्यकीय आणि कृषी विद्यापीठांतल्या पशुआहार प्रयोगशाळांत ही चाचणी होते. कारखानदारांना ती परवडणार नाही असं म्हणायला जागा नाही. लगेच जमत नसेल तर निदान क्रूड फायबरपुढचं ‘कमाल’ खोडून ‘किमान’ १४ ते १६ टक्के करावं. शाईचा खर्च तेवढाच.

युरोपाला हे शहाणपण फुकट मिळालेलं नाही. १९९६च्या अखेरीस पश्चिम फ्रान्समध्ये सशांच्या फार्मवर पोट फुगून मरण्याची एक साथ आली आणि पाहता पाहता शेजारच्या देशांत पसरली. वाढत्या पिल्लांत निम्मी निम्मी मर झाली. बरीच वर्षं कुणालाही एका जंतूवर बोट ठेवता आलं नाही. सुरुवातीला प्रतिजैविकांवरच सारा भर होता. मग युरोपात प्रतिजैविकांवर बंधनं आली आणि लोकांना खाद्याकडे वळावं लागलं. चोथ्याच्या शिफारशी कडक झाल्या. स्पेनमध्ये विरघळणाऱ्या चोथ्याचा, म्हणजे बीटच्या लगद्यात असतो तशा पेक्टिनसारख्या पदार्थांचा, उपयोग दिसला. आणि फ्रान्सनं एक फार साधी गोष्ट रूढ केली. दूध तुटल्यावर काही आठवडे पिल्लाला पोटभर न देता, पोटभरच्या साधारण ८० टक्केच द्यायचं. मर घटते, आणि पुन्हा पोटभर द्यायला लागल्यावर पिल्लं वाढीची कसर बरीचशी भरून काढतात. आपल्याकडे हे सांगितलं की मालकाच्या आईला पटत नाही. पोरकं झालेलं पिल्लू आणि त्याला उपाशी ठेवायचं? मी म्हणते, उपाशी नाही, घास हवा तेवढा घाला, फक्त दाणा मोजा.

प्रतिजैविकाचा विषय निघालाच आहे तर थोडं रागानं लिहिते. पिल्लू फुगलं की गावातल्या दुकानातून कोंबडीची किंवा माणसाची कॅप्सूल आणून पाण्यात घालायची सवय लागली आहे. ॲम्पिसिलिन, ॲमॉक्सिसिलिन, लिंकोमायसिन, क्लिंडामायसिन ही औषधं सशाला तोंडावाटे देणं म्हणजे त्याच्या आंधळ्या आतड्यातले उपयोगी जंतू मारून क्लॉस्ट्रिडियमला जागा रिकामी करून देणं. निरोगी ससाही त्यानं मरतो. औषध देऊ नका असं नाही, पशुवैद्यकाला विचारून द्या. आणि पशुवैद्यकानंही सशाचं म्हणून वेगळं वाचलेलं असावं, हे आमच्या जमातीला उद्देशून.

दूध तुटण्याआधीचाही विचार कुणी करत नाही. पिल्लू साधारण १८ दिवसांचं झालं की आईच्या भांड्यात तोंड घालायला लागतं. आई दिवसातून एकदाच, काही मिनिटं पाजते. दूध पुरावं म्हणून मालक तिला भरपूर दाणा घालतो, आणि पिल्लाचं पहिलं जेवण म्हणजे तोच दाणा. त्याच वेळी त्याचं आंधळं आतडं झपाट्यानं वाढत असतं आणि तिथं जंतूंची वस्ती बसत असते. दुधातल्या काही स्निग्ध आम्लांमुळे वाईट जंतूंना आळा बसलेला असतो, तो दूध तुटल्यावर संपतो. म्हणून पिल्लांच्या डब्याजवळ तिसऱ्या आठवड्यापासून वाळलेला लसूणघास टांगून ठेवायचा. आणि आईपासून तोडल्याच्या दिवशी खाद्य बदलायचं नाही. आई, जागा आणि खाद्य असं तिन्ही एकाच दिवशी बदलणारे महाभाग मी पाहिले आहेत.

उन्हाळ्याचं वेगळं आहे. पारा ३०-३२च्या वर गेला की ससा खाणं कमी करतो, त्याला घाम येत नाही. पाणी थंड ठेवा, खाद्य रात्री द्या. याबद्दल पुष्कळ लिहिलं गेलंय, मी थांबते.

ज्यांनी ‘युनिट’ विकले त्यांच्याबद्दल इथं फार लिहीत नाही. सात माद्या, तीन नर, पिंजरा आणि माल परत घेण्याची हमी. हमीचं पुढे काय होतं ते ज्यांनी पैसे भरले त्यांना विचारा. माझा मुद्दा एवढाच की त्या युनिटसोबत जो कागद देतात त्यात लसीकरण असतं, विम्याचा उल्लेख असतो, पण पिल्लाच्या खाद्यात चोथा किती ते नसतं. राजस्थानात अविकानगरला केंद्रीय मेंढी व लोकर संशोधन संस्था आहे, तिचं कोडैकानलच्या डोंगरात मन्नवनूरला केंद्र आहे, तिथं सशांवर वर्षानुवर्षं काम झालंय. आपल्याकडच्या विक्रेत्यांनी तिथं एक फोन करायला हरकत नव्हती.

पुण्या-मुंबईतल्या घरात पाळलेल्या सशांनाही हेच लागू आहे, फक्त तिथं मक्याऐवजी ब्रेड, बिस्किट, पोळी आणि गाजर असतं. गाजर हे सशाचं अन्न चित्रांमुळे झालं. त्याला गवत हवंय, सुकलेलं, काडीचं, दिवसभर. महिन्याचं पिल्लू दुकानातून आणून त्याला रंगीत दाण्यांचं मिश्रण घालणाऱ्यांनी हे पत्र कात्रण करून फ्रिजवर लावावं.

आपल्याला विनंती अशी की आपल्या शेतीच्या पानावर पुढच्या वेळी ससेपालनाबद्दल छापाल तेव्हा नफ्याच्या चौकटीशेजारी खाद्यातल्या एडीएफ आणि स्टार्चची एक चौकट द्यावी. पशुसंवर्धन खात्यानं आणि भारतीय मानक ब्युरोनं सशाच्या वाढीच्या खाद्याला कोंबडी-गाईच्या साच्यात न बसवता किमान चोथ्याचा नियम पोत्यावर आणावा. तोवर खाद्य घेणाऱ्यांनी दुकानात दोनच गोष्टी विचाराव्यात, एडीएफ किती आणि स्टार्च किती. “कोंबड्यांना पण हेच चालतं बघा” असं उत्तर आलं, तर पोतं उचलू नये.

आपली,
एक निवृत्त पशुधन विकास अधिकारी
ता. कोरेगाव, जि. सातारा